पाऊण गोळीचा हिशेब

जुन्या जालन्यात आमच्या ओळखीच्या एका घरी शनिवार-रविवार सोडून रोज रात्री जेवणे आटोपली की पोळपाट पुन्हा खाली येतो. त्यावर कागद अंथरून घरातली सून हातात मोजे चढवते आणि फिकट पिवळ्या रंगाची एक गोळी भाजीच्या सुरीने तोडायला बसते. चार तुकड्यांपैकी तीन जातात चार वर्षांच्या लेकाला, चौथा पुडीत. सोमवार ते शुक्रवार पाऊण गोळी, शनिवारी-रविवारी पूर्ण, असा हिशेब मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिला आहे. तो भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी चिकटवलेला आहे. परवा मी बसलो होतो तेव्हा गोळी सुरीखाली नीट फुटलीच नाही. एक तुकडा मोठा, दोन बारके आणि उरलेला भुगा. तिने कागद माझ्यापुढे धरला. "काका, बघा बरं, ही पाऊण झाली का?"

मला सांगता येईना.

मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे. गोळीचे नाव सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन. ती मिळते ५० मिलिग्रॅमची, म्हणजे मोठ्या माणसाच्या मापाची. लहान मुलांत या औषधाचा डोस नुसत्या वजनावर ठरवत नाहीत. शिंपी जसा अंगाच्या मापाने कापड बेततो, तसा डॉक्टर उंची आणि वजन दोन्ही धरून शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढतात. दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम हे नेहमीचे माप. सोळा किलोच्या, १०२ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे क्षेत्रफळ भरते साधारण ०.६७ चौरस मीटर, म्हणजे त्याला रोज ४० मिलिग्रॅम हवे. पाऊण गोळीत होतात साडेसदतीस, पूर्ण गोळीत पन्नास. पाच दिवस पाऊण आणि दोन दिवस पूर्ण दिली की आठवड्याची सरासरी ४१ वर येते. हिशेब चोख आहे. पण तो सुरीच्या धारेवर सोडलेला आहे. डोस कमी पडला तर दडलेला आजार डोके वर काढतो. जास्त झाला तर पांढऱ्या पेशी घसरतात आणि साधा ताप जिवावर बेततो.

हे औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५१ च्या सुमारास तयार केले. पुढे १९८८ साली दोघांना नोबेल मिळाले. म्हणजे औषध सत्तरीच्या पुढचे, आजार मुलांचा, आणि तरी मुलांच्या मापाचे औषध भारतात तयार व्हायला इतकी वर्षे का लागावीत? या एका प्रश्नाचा धागा ओढत गेलो तर मुलांच्या कॅन्सरवरचे संशोधन कसे चालते आणि त्याला सरकारचाच पैसा का लागतो, हे उलगडत जाते.

वाफ्यात माजलेले तण

मोठ्या माणसांच्या पुष्कळशा कॅन्सरमागे वर्षानुवर्षांची झीज असते. तंबाखू, धूर, वय. चार वर्षांच्या पोराने कसली तंबाखू खाल्ली? मुलांच्या कॅन्सरचे मूळ बहुतेक वेळा वाढीतच असते. पेशी झपाट्याने दुप्पट-चौपट होत असतानाच एखादीच्या जनुकांत चूक होते, आणि थांबायचे कधी हे ती विसरते. यात आईबापांचा दोष नसतो. गरोदरपणात काय खाल्ले, कुणाची नजर लागली, या प्रश्नांनी आपल्याकडे किती आया मनातल्या मनात स्वतःला जाळून घेतात, ते मी पाहिले आहे. म्हणून हे आधीच सांगतो.

मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा. त्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या तोंडी 'ए एल एल'. आपल्या हाडांच्या आत मगज असतो. तो रक्ताचा रोपवाफाच समजा. त्यात रोज नवी रोपे उगवतात: प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखम बुजवणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स. ए एल एल मध्ये पांढऱ्या पेशींचे एक रोप कोवळेच राहते. ना धड वाढते, ना मरते, नुसते पसरते. मिरचीच्या वाफ्यात तण माजले की रोपांना जागा उरत नाही, तशी मगजात खऱ्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल फिकट पडते, दमते. बिंबिका घटल्या की जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग उठतात. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही.

परळच्या गिरणीतल्या बायका

या तणावरचे पहिले औषध कुठून आले, ही गोष्ट आपल्याच मुंबईतून सुरू होते.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग होत होता आणि त्यात बायका दगावत होत्या. कारण शोधण्याचे काम परळच्या हाफकिन संस्थेत चालले, इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या मातामृत्यू चौकशीखाली. ही असोसिएशन १९११ ची. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, तिचेच नाव भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आजची आय सी एम आर, असे झाले. विल्स यांनी बायकांचा आहार पाहिला, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा काळा, खारट अर्क देऊन पाहिला. बायका सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कात कोणता गुण आहे ते तेव्हा कळले नव्हते. पुढे तो सापडला पालकाच्या पानांत आणि पानावरूनच त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी देतात, त्यात हेच असते.

फॉलिक ॲसिडशिवाय पेशीला दुप्पट होता येत नाही, हे एकदा ध्यानात आले. मग विचार उलटा फिरला. दुप्पट होणे हाच ज्या पेशीचा रोग आहे, तिचे फॉलिक ॲसिड तोडले तर? आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या तुकडीने फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी पण काम न करणारी रसायने घडवली. कुलपात बसते पण फिरत नाही अशी किल्ली डोळ्यांपुढे आणा. ती आत अडकली की खऱ्या किल्लीलाही वाट राहत नाही. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यातले ॲमिनोप्टेरिन हे रसायन ल्युकेमियाच्या सोळा मुलांना दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात दहा मुले काही काळापुरती बरी झाल्याची नोंद आहे. काही महिन्यांपुरतीच, पण त्याआधी या आजारात औषधाने उतार पडतो हे कुणी दाखवलेच नव्हते.

त्या रसायनाचे धाकटे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. जुन्या जालन्यातल्या त्या घरी आठवड्यातून एकदा ही दुसरी गोळीही दिली जाते. गिरणीतल्या बायकांच्या रक्तासाठी सार्वजनिक निधीतून परळला जे शोधकाम झाले, त्याच्या फांदीला लागलेले हे फळ. हाफकिनच्या जवळच, परळमध्येच, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. आमच्याकडून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून माणसे दादरला उतरतात आणि तिथेच जातात. विल्सबाईंना त्या वेळी कुणी विचारले असते, या कामाचा कॅन्सरशी काय संबंध, तर त्यांना उत्तर देता आले नसते. शोधाचा पैसा असाच फिरून येतो, आणि म्हणून तो हिशेबाच्या चौकटीत बसवणे अवघड जाते.

औषधे जुनीच, मांडणी नवी

१९४८ च्या त्या काही महिन्यांच्या उतारापासून आजच्या स्थितीपर्यंत, म्हणजे श्रीमंत देशांत ए एल एल ची दहापैकी नऊ मुले बरी होण्यापर्यंत, मधे काय घडले? लोकांना वाटते, कुणीतरी जालीम औषध शोधून काढले. तसे नाही. आज वापरतात त्यातली मुख्य औषधे १९७० च्या आधीच हाती आली होती. बदलत गेली ती मांडणी: कोणते औषध कशाबरोबर, कोणत्या क्रमाने, किती दिवस.

१९५५ च्या सुमारास अमेरिकी संसदेने कॅन्सरवरची औषधे तपासण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी ५० लाख डॉलर दिले. मग डॉक्टर औषधांच्या जोड्या लावून पाहू लागले. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांच्या लक्षात आले की मगज स्वच्छ झाला तरी रोगाच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून बसतात, कारण बहुतेक औषधे तिथे पोहोचतच नाहीत. त्यांनी तिथेही उपचार सुरू केले. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडची निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या आरंभी बरे होणाऱ्या मुलांचा आकडा वीस टक्क्यांच्या आत-बाहेर होता. १९८४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे इयन मॅग्रॅथ, टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेश अडवाणी, आणि चेन्नई व दिल्लीचे सहकारी यांनी मिळून भारतासाठी एक वेळापत्रक बांधले, 'एम सी पी ८४१'. त्यानंतर बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण दुपटीच्या वर गेले. औषधे तीच. पण सगळी केंद्रे ती एकाच रीतीने देऊ लागली आणि निकाल एकाच वहीत मांडू लागली.

त्या वहीत एक कडू गोष्टही दिसली. आपल्याकडची बरीच मुले कॅन्सरने नव्हे, तर उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने जात होती. कुपोषित, अशक्त मुलाला बोस्टनच्या मुलाइतका मारा झेपत नाही. हे बोस्टनच्या मुलांवरच्या अभ्यासातून कळले नसते.

चाचणी म्हणजे काय, हे जालन्याला ठाऊक आहे

'मुलावर चाचणी' म्हटले की आईबाप दचकतात. त्यांचे चुकत नाही. पण चाचणीची कल्पना आमच्या जिल्ह्याला नवी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या गावात प्लॉट पाडून वाण तपासणे कुणी समजावून सांगावे लागत नाही. एकाच शेताच्या एका अंगाला काळी माती, दुसऱ्या अंगाला मुरूम. नवा वाण फक्त काळ्या मातीत पेरला तर जास्त कापूस वाणाने दिला की मातीने, हे कळणार कसे? म्हणून चिठ्ठी टाकून, तुकडे पाडून दोन्ही वाण सगळीकडे पेरतात.

मुलांतही तेच. कोणत्या मुलाला कोणती पद्धत हे डॉक्टर मर्जीने ठरवत नाहीत, संगणक चिठ्ठी काढतो. दोन्ही गटांना उपचार मिळतोच, आणि तो आजपर्यंत माहीत असलेला चांगलाच उपचार असतो. प्रश्न त्यातल्या लहानशा फरकाचा असतो. इंडियन चाइल्डहूड कोलॅबरेटिव्ह ल्युकेमिया गटाची देशव्यापी चाचणी २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा एक प्रश्न असा होता: सुरुवातीचे स्टेरॉइड थोडे कमी दिवस दिले तर जंतुसंसर्ग घटेल का आणि आजार तरीही आटोक्यात राहील का? म्हणजे वहीत सापडलेल्या त्या कडू गोष्टीलाच घातलेला हात.

बाजार इकडे का फिरकत नाही

आता पाऊण गोळीकडे परत येऊ. भारतात दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक मुलांना कॅन्सर होतो असा अंदाज आहे. घरच्या माणसाला हा आकडा पर्वताएवढा वाटतो. औषध कंपनीला तो लहान वाटतो, कारण देशातल्या एकूण कॅन्सरमध्ये मुलांचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासच आहे. शिवाय तो एक आजार नाही. रक्ताचे, मेंदूचे, मूत्रपिंडाचे, डोळ्याचे, हाडांचे असे अनेक, आणि त्यांचेही पोटप्रकार. एकेका प्रकाराची मुले उरतात मोजकी. औषधे जुनी, पेटंट संपलेली, स्वस्त. जुन्या गोळीचे पातळ औषध करून त्याची चाचणी घेण्यावर कुणी कोट्यवधी लावले तर ते परत कधी येणार? मी कंपन्यांना वाईट म्हणत नाही. बी विकणारा लाखो शेतकरी पाहूनच वाण काढतो. मुलांच्या कॅन्सरला ते लाखो गिऱ्हाईक नाही, एवढाच मुद्दा. म्हणून इथे सरकार मागे राहिले तर जागा रिकामीच राहते.

| चौकट: उशीर करू नये अशा खुणा |
| :-- |
| औषध घेऊनही हटत नसलेला किंवा फिरून फिरून येणारा ताप. कारण नसताना फिकटपणा. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. पोटात, मानेत वा काखेत न दुखणारी, वाढत जाणारी गाठ. रात्री झोपेतून उठवणारे हाडांचे दुखणे. सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकणे: ही डोळ्यातल्या कॅन्सरची खूण असू शकते आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. या खुणा बहुतेकदा साध्या आजाराच्याच निघतात. पण दोन आठवड्यांत फरक नसेल तर रक्ततपासणी आणि बालरोगतज्ज्ञ, यात टाळाटाळ नको. |

उपचाराचा पैसा निराळा, शोधाचा निराळा

अनेकांना वाटते, सरकार पैसे देतेच की. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कार्ड असले की कॅन्सरचा खर्च निघतो. खरे आहे, आणि त्या कार्डाने कित्येक घरे वाचवली आहेत. छत्रपती संभाजीनगरला साठ किलोमीटरवर शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून चालू आहे, त्यामुळे पुष्कळांची मुंबई टळली. पण कार्ड आज माहीत असलेल्या उपचाराचे बिल भरते. उद्याचा उपचार कोणता, हे ते ठरवत नाही. दुष्काळातही शेतकरी धान्य खातो आणि बियाणाची पायली वेगळी, वर टांगून ठेवतो. ती वेगळी पायली म्हणजे संशोधनाचा निधी.

आपल्याकडे ती कुठून येते? बरीचशी अणुऊर्जा विभागाकडून. हे ऐकून लोक चकित होतात. टाटा रुग्णालय १९५७ साली केंद्र सरकारने घेतले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. कॅन्सरवर किरणांचा उपचार होतो आणि किरणांचे ज्ञान त्या खात्यात होते. शिवाय आय सी एम आर आणि जैवतंत्रज्ञान विभाग आहेत. नेमका पैसा नेमक्या जागी पडला तर काय होते, याचे ताजे उदाहरण पवईत घडले. आय आय टी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांनी देशातली पहिली 'कार-टी' उपचारपद्धती तयार केली. रोग्याच्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, बाहेर काढायच्या. त्यांच्या जनुकांत बदल करून कॅन्सरपेशीच्या अंगावरची सी डी १९ ही खूण ओळखायला शिकवायचे, जणू गुन्हेगाराचा फोटो खिशात देऊन पाठवायचे. मग त्यांना पुन्हा रक्तात सोडायचे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनने पहिल्या चाचण्यांसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत ज्याला तीन-चार कोटी पडतात, ते इथे त्याच्या काही अंशात आले. पण पहिली मंजुरी पंधरा वर्षे आणि त्यावरच्यांनाच. मुले इथेही रांगेत मागे उभी राहिली.

अमेरिकेत २०१४ साली मुलांच्या संशोधनासाठी एक कायदा झाला. मेंदूच्या गाठीने दहाव्या वर्षी गेलेल्या गॅब्रिएला मिलर हिचे नाव त्याला आहे. राजकीय पक्षांच्या महाअधिवेशनांना सरकारी तिजोरीतून मिळणारी रक्कम बंद करून, दहा वर्षे दरसाल १ कोटी २६ लाख डॉलर मुलांच्या संशोधनाकडे वळवायचे, अशी त्याची रचना होती. मला त्यातली रक्कम फार मोठी वाटत नाही. मोठे वाटते ते हे की पैसा कुठून काढायचा, हे त्यांनी कायद्यातच लिहिले. आपल्या देशाचा सगळ्या विषयांच्या संशोधनावरचा खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. त्यातून मुलांच्या कॅन्सरला वाटा मागायचा तर तो नावाने, स्वतंत्र रकान्यात मागावा लागेल. मोठ्यांच्या कॅन्सरबरोबर एकाच पोत्यात घातला की मुलांचा वाटा तळाशी जातो.

इथले प्रश्न इथेच सुटतील

आणि तो पैसा म्हणजे नुसत्या चकचकीत प्रयोगशाळा नव्हेत. मुले उपचार अर्धवट सोडून का जातात, हाही संशोधनाचा प्रश्न आहे. टाटामध्ये २००९ च्या सुमारास पाचातले एक मूल मधेच निघून जायचे. का, ते शोधले तेव्हा कारणे निघाली राहायला जागा नाही, गाडीभाडे नाही, घरी दुसरे लेकरू एकटे, पेरणी तोंडावर. त्यावर रुग्णालयाने समुपदेशक नेमले, देणगीदार जोडले, राहण्याची सोय लावली, आणि प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतल्या एका चटईचा बरे होण्याच्या टक्केवारीवर परिणाम होतो, हे मोजून दाखवता येते.

औषधाच्या प्रतीचेही तसेच. ए एल एल मध्ये ॲस्पॅरॅजिनेज नावाचे इंजेक्शन देतात. रोगी पेशीला ॲस्पॅराजिन हा एक घटक स्वतः करता येत नाही, ती रक्तातून उसना घेते. इंजेक्शन रक्तातला तो साठाच मोडते. चांगल्या पेशी घरचे करून खातात, उसनवारीवर जगणारी उपाशी मरते. आपल्या बाजारातल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या इंजेक्शनांत ताकदीचा फरक आहे, हे भारतीय डॉक्टरांनीच तपासून दाखवले. दुसरे कोण तपासणार होते?

मोजणीसुद्धा संशोधनच. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ ची, देशातली पहिली. ग्रामीण भागातली पहिली १९८७ साली बार्शीला सुरू झाली. ज्या गावचे मूल नोंदलेच जात नाही, त्या गावासाठी तरतूद कोण करणार? जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातले प्रत्येक कॅन्सरग्रस्त मूल तिथल्या वहीत यावे, पहिल्या तापापासून निदानापर्यंत किती दिवस गेले ते लिहावे, एवढे काम लाखांत होईल, कोटी लागणार नाहीत.

पोळपाट

आणि ती पाऊण गोळी. टाटा स्मारक केंद्राच्या खारघरच्या संशोधन विभागाने बंगळूरच्या एका कंपनीबरोबर काम करून याच औषधाची लहान मुलांसाठी पावडर तयार केली. पाणी घालून तिचे पातळ औषध होते. नाव 'प्रीव्हॉल'. देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळून २०२५ मध्ये ते जाहीर झाले.

मी त्या घरी हे सांगितले तेव्हा सुनेने पहिला प्रश्न विचारला, "मापायचं कशानं?" बाटलीबरोबर खुणा असलेली पिचकारी येते, म्हटले. डॉक्टर सांगतील त्या रेघेपर्यंत ओढायचे, बस. पुढच्या तारखेला मुंबईला विचारायचे, म्हणून तिने कॅलेंडरशेजारच्या कागदावर ते नाव पेन्सिलीने लिहून घेतले. मग पोळपाट पुसला आणि कागदातला पिवळा भुगा, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून, घडी घालून पिशवीत बांधला.